आपली बायोगॅसची टाकी आणि मटणाच्या दुकानाचा कचरा
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सचिवांनी मला पाच मिनिटे दिली आहेत, त्यातले एक माइक सुरू होईपर्यंत गेले. तेव्हा थेट मागच्या गेटजवळच्या टाकीवर येतो. तिच्या गॅसवर आपल्या वॉचमन मंडळींचा स्वयंपाक होतो. आता सूचना आली आहे की तळमजल्यावरच्या चिकन-मटणाच्या दुकानांचा कचराही तिच्यात टाकावा, गॅस वाढेल. सूचना चुकीची नाही. मांस-चरबीतून गॅस भरपूर निघतो. पण तो खाणारे आत कोण आहेत, ते बघू या.

टाकीत एकच जंतू नसतो, अख्खी वसाहत असते. पहिली फळी अन्न कुजवून त्याची आम्ले करते, मुख्यतः व्हिनेगरमध्ये असते तेच ॲसिटिक आम्ल. शेवटची फळी त्यातून मिथेन बनवते. मांसातल्या प्रथिनांत नायट्रोजन असतो, त्याचा अमोनिया होतो. थोडा अमोनिया जंतूंनाही लागतोच. पण पाण्यात त्याची दोन रूपे असतात: अमोनियम, हे त्यामानाने निरुपद्रवी; आणि मोकळा अमोनिया, जो थेट पेशीत शिरतो. टाकीचा सामू ७ वरून ८ वर गेला, तर मोकळा अमोनिया जवळजवळ दहापट होतो. उष्णतेनेही वाढतो.

याचा फटका आधी बसतो शेवटच्या फळीला. मिथॅनोथ्रिक्स नावाचे जंतू लवकर हात टेकतात. गठ्ठ्याने राहणारे मिथॅनोसार्सिना जास्त तग धरतात. अमोनिया आणखी वाढला की कामाची रीतच बदलते: एक जंतू ॲसिटिक आम्ल फोडून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतो, दुसरा त्यांचा मिथेन करतो. ही जोडी चिवट, पण या धंद्यात तिच्या वाट्याला ऊर्जा अगदी तुटपुंजी येते. त्यामुळे तिची संख्या वाढायला आठवडे नाही, महिने लागतात.

आणि टाकी एकदम बंद पडत नाही, ही खरी फसगत. आम्ले साचली की सामू उतरतो, मोकळा अमोनिया कमी होतो, आणि टाकी अर्ध्यामुर्ध्या गॅसवर रेंगाळत राहते. वरून सगळे ठीक दिसते, फक्त पोळ्या कच्च्या राहतात!

म्हणून माझे मत असे: कचरा घ्यावा, पण सुरुवातीला रोज अर्धी बादलीच, सोबत भरपूर भाजीचे देठ आणि पाणी. महिनाभर प्रमाण वाढवू नये. गॅस घटला तर मांस थांबवावे. टाकी उपसून धुवावी, असेही कुणी सुचवले आहे. तसे मुळीच करू नका. मुरलेले जंतू त्या जुन्या रबडीतच आहेत.

निर्णय सर्वसाधारण सभेत होईल. तोवर दुकानदारांना कुणी परस्पर होकार देऊ नये, ही विनंती.