पॅटिस: नाव भाज्यांचं, माल कुणाचा?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



आज पॅटिसवर बोलायचंय. बेकरीतल्या नव्हे, आपल्या घरच्या. बटाटा-भाज्यांचे चपटे, कुणी त्यांना कटलेटही म्हणतं. गेली पंचवीस वर्षं गच्चीवरच्या प्रत्येक कार्यक्रमाला ते असतात आणि बरेचसे माझ्याच कढईतून आलेत. दोन वर्षांपूर्वी मला मधुमेह निघाला, तेव्हा मी पहिल्यांदा त्यात काय घालते ते मोजलं. आठ बटाट्यांना एक गाजर, मूठभर मटार! वर ब्रेडचा चुरा आणि भरपूर तेल. नाव भाज्यांचं, माल सगळा पिठूळ.

पॅटिस सोडले नाहीत, प्रमाण बदललं. बाराएक पॅटिसना दोन मध्यम बटाटे, दोन वाट्या गाजर-फरसबी-कोबी-मटार आणि अर्धी वाटी मूगडाळ. 100 ग्रॅम मूगडाळीत सुमारे 24 ग्रॅम प्रथिनं असतात, तेवढ्याच बटाट्यात जेमतेम 2. डाळ दोन तास भिजवून जाडसर वाटा आणि चमचाभर तेलावर कोरडी होईपर्यंत परता. भाज्या बारीक चिरून वाफवा, निथळून गार करा. आलं-मिरची, कोथिंबीर, जिरेपूड घाला. मीठ अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं आणि पॅटिस तव्यावर मोडतात. ब्रेडऐवजी दोन-तीन चमचे पोह्यांची पूड पुरते. थापून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग तापलेल्या तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा.

तेल कमी म्हणजे अजिबात नाही असं नव्हे. गाजरातलं कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतोच. पण एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी, हे बाटली हातात घेताना आठवा. वरून लिंबू पिळा, त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह शरीरात चांगलं शोषलं जातं. सोबत सॉसऐवजी हिरवी चटणी.

एक मात्र खरं, हे औषध नाही. बटाटा आहेच. मी दोन खाते आणि थांबते. तेच सगळ्यात अवघड!

राहायला आलो तेव्हा आपण तिशी-पस्तिशीत होतो. आता निम्म्या घरांत साखरेच्या गोळ्या आहेत आणि संध्याकाळी पाचला नातवंडं "आजी, भूक!" म्हणत दार वाजवतात. दोघांना चालेल असा एक खाऊ हवाच ना?

आज बाहेर ठेवलेत ते हेच पॅटिस. चाखा, काय कमी पडलं ते सांगा. पण दोनच हं!