खासगी शाळेतील शिक्षक : आधार, हक्क आणि स्वास्थ्य



शिक्षणाच्या अर्थशास्त्रात आपण पटसंख्या, गळती व खर्चाचे प्रमाण यांची चर्चा करतो. शिकविणाऱ्याच्या स्वास्थ्याची मात्र क्वचितच. २०२४-२५ मध्ये देशातील शालेय शिक्षकांची संख्या १ कोटीच्या पुढे गेली. त्यांतील मोठा वर्ग खासगी शाळांत आहे.

कर्मचाऱ्याला जाणवणारा संस्थेचा आधार ही संकल्पना रॉबर्ट आयझेनबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडली. संस्था आपल्या कामाची कदर करते व आपल्या हिताची काळजी घेते, असे कर्मचाऱ्याला किती वाटते, हा तिचा गाभा. शाळेत हा आधार साध्या गोष्टींतून दिसतो : मोकळा तास खरोखर मोकळा राहणे, पालकांची तक्रार आल्यास मुख्याध्यापकांनी शिक्षकाचीही बाजू ऐकणे, आजारपणात निःसंकोच रजा मागता येणे. यामुळे कामाचा भार कमी होतोच असे नाही. तो पेलण्याचे बळ वाढते.

परंतु सहानुभूती म्हणजे सुरक्षितता नव्हे. गोव्यातील एका खासगी शाळेच्या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये निर्णय दिला की, अध्यापन हे उदात्त कार्य असल्याने शिक्षक औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ ठरत नाही. २००४ मध्ये ग्रॅच्युइटी कायद्यातील ‘कर्मचारी’ या व्याख्येतूनही तो बाहेर राहिला. संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून ३ एप्रिल १९९७ पासून हा हक्क दिला. खासगी शाळांनी त्यास आव्हान दिले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरविली. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठराविक मुदतीच्या नियुक्तीसाठी पाच वर्षांच्या सेवेची अट उरलेली नाही. अर्थात, हा हक्क मागण्यासाठी हाती नियुक्तिपत्र हवे आणि प्रत्यक्ष दिलेले वेतन कागदोपत्री नोंदलेले हवे.

म्हणजे आधाराचे दोन स्तर आहेत : कायद्याचा आणि मुख्याध्यापकांच्या दालनातला. पहिला नसेल तर दुसरा केवळ उपकार ठरतो. दुसरा नसेल तर पहिला कागदावर राहतो.

आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील, काही शिक्षक होतील. शिक्षकदिनी दिलेल्या पुष्पगुच्छाचे मोल आहेच. परंतु महिनाअखेरीस वेळेवर व पूर्ण मिळणारे वेतन हाही शिक्षकाचा सन्मानच असतो, याचे स्मरण ठेवावे.