आजारपणाची रजा आणि चालणारे पाय



आपण आंजर्ल्याची माणसे. हर्णैकडून गावी यायचे तर खाडी होडीने ओलांडून पुढची वाट पायीच तुडवायची, अशी आपल्या वडीलधाऱ्यांची रीत होती. त्यांना वेगळा व्यायाम लागत नव्हता. पुढे आपण नोकरीनिमित्त मुंबईला गेलो, खुर्चीवर बसलो. पगार वाढला, पण त्याबरोबर मधुमेह, रक्तदाब आणि पाठदुखीही आली. आपल्या आजारपणाच्या रजा त्यातच संपू लागल्या.

बसून राहण्याने काय होते, हे लंडनच्या बसगाड्यांवर दिसले. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी दाखवून दिले, की दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. व्यायाम करणारे कर्मचारी आजारपणाच्या रजाही कमी घेतात, असे पुढच्या अनेक पाहण्यांत आढळले. अर्थात, मुळात धडधाकट असलेल्यालाच व्यायाम जमतो, हेही त्यामागे असते.

म्हणून कोणी आजारी पडला तर त्याला आळशी म्हणू नये. ही रजा म्हणजे मेहेरबानी नव्हे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, प्रा. बी. पी. अडारकर यांच्यावर कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. विमाधारक कामगाराने अटी पूर्ण केल्या असतील तर आजारपणात त्याला वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. पण आपले कितीतरी बांधव रोजंदारीवर आहेत. मजुरी बुडेल म्हणून ते अंगात ताप असतानाही कामावर जातात. त्यांची हजेरी पाहून त्यांची प्रकृती ठणठणीत आहे, असे समजू नये.

तथागतांनी भिक्खूंना चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच लाभ सांगितले. निरोगीपणा आणि चांगले अन्नपचन हे त्यांतलेच. पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चालणाऱ्या सोण भिक्खूला त्यांनीच वीणेच्या तारेचा दृष्टांत देऊन समतोल शिकवला. आज जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणे.

तेव्हा आज दोन निश्चय करू या. रोज अर्धा तास चालू. आणि आजारी पडलो तर हक्काची रजा निःसंकोच घेऊ. ज्याला ती मिळत नाही, त्याच्यासाठी ती मागू.

नमो बुद्धाय! जयभीम!