मातीचा किल्ला आणि पडद्यावरचे गाव



वसंत व्याख्यानमालेत मुलांच्या खेळावर बोलावयाचे म्हणजे विषय जरा हलका झाला, असे कोणास वाटेल. परंतु ज्या खेळापायी मुले जेवणाची हाकही ऐकत नाहीत, त्याचा विचार वडीलधाऱ्यांनी एकदा तरी केला पाहिजे. आमच्यावर तो प्रसंग घरातच आला.

एके रात्री आम्ही नातवाच्या हातातून खेळाचे यंत्र काढून घेतले. तो रडला नाही, एवढेच म्हणाला, "आजोबा, भिंत अर्धीच झालीय. गावातली माणसं झोपलीत, आणि राक्षस यायचेत." आम्ही दिवा मालवला खरा, पण त्या अर्ध्या भिंतीने आमचीही झोप उडविली. दुसऱ्या दिवशी आम्ही मुकाट्याने त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

खेळाचे नाव 'ड्रॅगन क्वेस्ट बिल्डर्स'. तो जपानात २०१६ साली निघाला. ठोकळ्यांचे जग रचण्याचा 'माइनक्राफ्ट' त्याआधीच, २०११ मध्ये, पूर्ण रूपात जगभर गेला होता. जपानी खेळाने त्या रचनेला कथेची जोड दिली. कथा अशी की, दुष्ट शक्तीने माणसांची घडविण्याची कलाच हिरावून घेतली आहे. लोक पडक्या भिंतींत राहतात, पण वीट बसविणे त्यांना सुचत नाही. ती कला एकट्या नायकापाशी उरली आहे. तो माती खणतो, खोली बांधतो, बिछाना घालतो. मग एकेक माणूस वस्तीला येतो आणि आपली गरज सांगतो. गंमत अशी की, राक्षस मारून नायकाची पायरी चढत नाही. चढते ती गावाची.

यातच त्या खेळाची सारी मोहिनी आहे, असे आम्हांस वाटते. नुसते रचणे काही वेळाने कंटाळवाणे होते आणि नुसती लढाई विसरली जाते. पण आपण रचलेल्या भिंतीआड कोणी निजले आहे, हे कळले की तीच भिंत जिवाची होते.

आपल्याला हे नवे नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून, हळीव पेरून, त्यावर महाराज आणि मावळे बसविणारे मूल हेच करीत आले आहे. आपल्या नगरचा भुईकोट किल्लादेखील प्रथम मातीचाच होता. हुसेन निजामशहाने १५५९ पासून तो दगडात बांधून घेतला. १५९५ च्या अखेरीस मोगलांनी त्याला वेढा घातला. पुढे फेब्रुवारी १५९६ मध्ये सुरुंगाने तट फुटला, तेव्हा चांदबीबी हाती तलवार घेऊन भगदाडावर उभी राहिली आणि एका रात्रीत तट पुन्हा उभा केला. आमच्या नातवाची अर्धी भिंत ऐकून आम्हांस तीच रात्र आठवली.

परंतु ही कथा इथे संपत नाही. १६०० साली पुन्हा वेढा पडला. त्या वेळी ती शत्रूला फितूर झाल्याच्या संशयाने तिच्याच माणसांनी तिला मारले, आणि त्यानंतर किल्ला पडला. भिंत उभारावयास दगड पुरतात. ती राखावयास एकमेकांवरचा विश्वास लागतो.

पडद्यावरच्या गावात हा धडा अपुरा राहतो. तेथील गावकरी संशय घेत नाहीत, रुसत नाहीत, आणि यंत्र बंद केले की राक्षसही थांबतात. एका किल्ल्यावर चार पोरे भांडतात, बुरूज ढासळतो, दोष कोणाचा यावर अबोला होतो आणि संध्याकाळी पुन्हा माती कालवली जाते, ते शिक्षण अंगणातले आहे. मुलांकडून ते अंगण पडद्याने घेतले, असे आपण म्हणतो. खरे पाहता आपणच तेथे फरशी घातली आणि मोटारी उभ्या केल्या.

गेल्या दिवाळीत आम्ही इमारतीच्या कडेची दोन हात जागा मोकळी करवून घेतली आणि चार पोती माती आणविली. नातू शेजारची तीन मुले घेऊन आला. दुसऱ्याच दिवशी त्यांचे भांडण झाले. आम्ही मध्ये पडलो नाही. तिसऱ्या दिवशी तट उभा राहिला. थोडा वाकडा होता, पण चौघांचा होता.

त्या रात्री यंत्र कोपऱ्यात पडून होते. नंतर त्याने ते पुन्हा हातात घेतले, आणि आम्हीही ते काढून घेतले नाही.