पालिकेचा पैसा आणि सेवेचा हिशेब

(सेवाकार्यातील संस्थांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपण सारे सेवाकार्यात रमलेली माणसे आहात. कोणी वस्तीत अभ्यासिका चालवतो, कोणी पाळणाघर, कोणी रुग्णसाहित्य केंद्र. अशा मंडळींपुढे महापालिकेच्या अंदाजपत्रकाविषयी बोलणे म्हणजे कीर्तनाला जमलेल्या श्रोत्यांपुढे खतावणी उघडण्यासारखे आहे. तरीही ती आज उघडली पाहिजे, कारण समाजाच्या तळाशी असलेल्या माणसासाठी ठेवलेला पैसा त्याच्यापर्यंत पोहोचतो की वाटेतच जिरतो, हे त्या खतावणीत ठरते.

मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. गोव्यासारख्या संपूर्ण राज्याच्या अंदाजपत्रकाहून हा आकडा कितीतरी मोठा आहे. एवढ्या संपन्न नगरात फुटपाथवर निजणाऱ्या म्हाताऱ्यासाठी किंवा मतिमंद मुलाच्या शाळेसाठी पैसा कमी पडावा, याचे कारण दारिद्र्यात सापडत नाही. ते शोधावे लागते पैसा वाटण्याच्या रीतीत.

ही रीत मुळातून समजून घेऊ. मुंबईसाठी १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. पुणे, नाशिक, ठाणे आदी शहरांसाठी १९४९ चा. दोन्ही कायदे पालिकेच्या कर्तव्यांची दोन गटांत विभागणी करतात. पहिला गट बंधनकारक कर्तव्यांचा. पाणी, गटारे, रस्ते, दिवे ही त्यातली ठळक नावे. दुसरा गट स्वेच्छाधीन कर्तव्यांचा. समाजकल्याणाची पुष्कळशी कामे या दुसऱ्या गटात बसतात. म्हणजे ती केली तर उत्तम, न केली तर कायद्याने जाब विचारणारा कोणी नाही. उत्पन्न घटले की कात्री प्रथम कोठे लागते, हे वेगळे सांगायला नको.

यावर उपाय म्हणून शासनाने काही हिस्से राखून ठेवायला लावले. महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के ठेवण्याचा दंडक आहे. दिव्यांगांसाठी पूर्वी तीन टक्के असत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर ते पाच टक्के झाले. ही तरतूद स्वागतार्ह आहे. मात्र तरतूद आणि खर्च यांत अंतर असते. पैसा अखर्चित राहतो, पुनर्विनियोजनात दुसऱ्या लेखाशीर्षाखाली जातो, नाहीतर मार्च महिन्यात घाईघाईने शिलाई यंत्रे आणि सायकली यांच्या खरेदीत संपवला जातो. वस्तू विकत घेणे सोपे असते, कारण त्याचे देयक एकदाच निघते. वर्षभर पाळणाघर चालवणाऱ्या बाईचे मानधन मात्र बारा वेळा काढावे लागते. म्हणूनच आपल्या पालिका वस्तूंवर उदार आणि माणसांवर कृपण असतात.

आता प्रश्न येतो तो संस्थांच्या निवडीचा. आजवर यासाठी दोन मार्ग चालत आले. पहिला मार्ग ओळखीचा. नगरसेवकाने शिफारस करावी आणि प्रशासनाने काम द्यावे, असा तो मार्ग. यातून काही चांगल्या संस्था उभ्या राहिल्या हे खरे. पण ज्यांचे अस्तित्व केवळ पत्रशीर्षावर होते, अशा संस्थाही पोसल्या गेल्या. हा अनाचार थांबावा म्हणून दुसरा मार्ग आला, निविदेचा. जो कमीत कमी दर देईल त्याला काम. वरवर पाहता हा मार्ग निर्मळ दिसतो. परंतु डांबराचा दर जसा काढता येतो तसा मायेचा काढता येत नाही. बेघरांच्या निवाऱ्यासाठी सर्वांत कमी दर तोच देऊ शकतो, जो रात्रपाळीचा माणूस ठेवणार नाही. शिवाय निविदेसाठी बयाणा रक्कम, उलाढालीची अट आणि देयक सहा महिने रखडले तरी तग धरण्याइतके भांडवल लागते. वस्तीतली दहा महिलांची संस्था या उंबरठ्यावरच अडते आणि दूरचा ठेकेदार आत जातो.

मुंबईचेच उदाहरण घ्या. झोपडपट्ट्यांच्या स्वच्छतेचे काम स्थानिक संस्थांनीच करावे, म्हणून तेथे दत्तक वस्ती योजना होती. पुढे ती स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान या नावाने चालली. २०२४ मध्ये पालिकेने याच कामासाठी सुमारे १,४०० कोटी रुपयांची एकत्रित निविदा काढली आणि बेरोजगारांच्या सहकारी संस्था न्यायालयात गेल्या. जुन्या योजनेत दोष नव्हते असे नाही. कागदावरचे स्वयंसेवक, न झालेली सफाई, अशा तक्रारी होत्याच. पण आजारावर औषध द्यायचे की रोग्यालाच घराबाहेर काढायचे, हा विवेक प्रशासनाने करायला हवा होता.

याहून वेगळी वाट पुण्याने दाखवली. कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची संघटना तेथे १९९३ मध्ये उभी राहिली. त्यातून निर्माण झालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने २००८ मध्ये पाच वर्षांचा करार केला. घरोघरचा कचरा सभासदांनी उचलायचा, त्याचे मासिक शुल्क नागरिकांनी थेट त्यांना द्यायचे, साधने व व्यवस्थापनाचा खर्च पालिकेने उचलायचा, अशी ती रचना. उकिरड्यावर वाकून जगणारी बाई यातून शहराची सेवा देणारी मानाची सहकारी बनली. पुढे कराराची मुदत संपणे, मुदतवाढीसाठी ताटकळणे असे प्रसंगही आले. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली. गरिबांची संस्था हीसुद्धा शहराची कार्यक्षम भागीदार होऊ शकते. तिला पाच वर्षांची हमी आणि कामाची लेखी व्याख्या मात्र द्यावी लागते.

मंडळी, पालिकेचा पैसा हे दान नव्हे, आणि तो ठेकाही नव्हे. तो विश्वस्तनिधी आहे. दान मानले की घेणारा मिंधा होतो. ठेका मानला की घेणारा नफा शोधू लागतो. विश्वस्तनिधी म्हटला की देणारा आणि घेणारा दोघेही तिसऱ्या कोणाला तरी उत्तरदायी ठरतात. तो तिसरा म्हणजे ज्याच्या नावाने पैसा निघाला तो माणूस. संस्था निवडायचे निकष आधी जाहीर व्हावेत. दराबरोबर वस्तीतील कामाचा अनुभव तोलला जावा. करार किमान तीन वर्षांचा असावा. देयक ठरल्या दिवशी मिळावे. आणि काम झाले की नाही याची साक्ष लाभार्थ्यांनी वस्तीच्या सभेत द्यावी. यातील एकही गोष्ट अशक्य नाही.

पण हे मागायचे कोणाकडे? मार्च २०२२ मध्ये मुंबई व पुणे महापालिकांची मुदत संपली. पुढे जवळजवळ चार वर्षे तेथे प्रशासकांचा कारभार होता. अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडायचे, स्थायी समितीने तपासायचे आणि मुख्य सभेने मंजूर करायचे, ही कायद्याची साखळी. त्या काळात मांडणारा आणि मंजूर करणारा हात एकच होता. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि लोकनियुक्त सभागृहाची वाट पुन्हा मोकळी झाली. ही संधी आपण साधणार की नाही?

कायद्यात एक दार आहे, जे फारच थोड्यांना ठाऊक आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक केल्या. महाराष्ट्राच्या १९४९ च्या कायद्यानुसार अशा समितीवर समाजकल्याणाचे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांच्या तीनपर्यंत प्रतिनिधींना नामनिर्देशित करता येते. ही आसने पुष्कळदा रिकामी राहतात किंवा राजकीय सोयीने भरली जातात. आपल्यातील जाणकार कार्यकर्त्यांनी त्यासाठी रीतसर दावा का करू नये? पुण्यात नागरिकांना अंदाजपत्रकासाठी क्षेत्रीय कार्यालयात कामे सुचवता येतात. त्या अर्जांत रस्ते आणि बाकड्यांबरोबर आपल्या वस्तीचे पाळणाघरही दिसायला हवे.

आता थोडे स्वतःकडे पाहू. दुसऱ्याला हिशेब विचारणाऱ्याची स्वतःची वही उघडी असली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये निर्णय दिला, की शासनाच्या पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी स्वयंसेवी संस्थाही माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. काही संस्थांना हा जाच वाटला. मला तो सेवेचा सन्मान वाटतो. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब दाखल करणे ही कायद्याची किमान अपेक्षा झाली. वस्तीतल्या फलकावर तोच हिशेब सोप्या मराठीत लावणे हे आपले कर्तव्य आहे. किती आले, कोणावर खर्च झाले, किती उरले, या तीन ओळींपेक्षा अधिक काही लागत नाही. ‘आमची निष्ठा सर्वांना ठाऊक आहे’ एवढे म्हणून भागत नाही. पैसा जनतेचा असेल तेथे निष्ठेलाही पावती लागते.

आणखी एक सावधगिरीची सूचना. पालिकेच्या पैशावर संस्थेचा संपूर्ण संसार उभा करू नका. ज्या दिवशी अनुदान हाच श्वास होईल, त्या दिवशी आयुक्तांना अप्रिय सत्य सांगण्याचे बळ संपेल. निम्मा भार तरी समाजाने उचललेला असावा. मूठभर धान्याची आणि महिन्याच्या वर्गणीची आपल्याकडे जी परंपरा आहे, तिच्यात निधीबरोबर स्वाभिमानही गोळा होतो.

बंधू-भगिनींनो, येथून परतल्यावर एक काम करा. आपल्या पालिकेचे अंदाजपत्रक मिळवा. जाडजूड ग्रंथ आहे. त्याला भिऊ नका. समाजविकास, महिला व बालकल्याण आणि दिव्यांग कल्याण ही तीन पाने काढा. गेल्या वर्षीची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च हे दोन रकाने शेजारी ठेवा. त्यांत जी तफावत दिसेल, ती कोणाच्या तरी औषधाची, कोणाच्या तरी शाळेची, कोणाच्या तरी रात्रीच्या छपराची आहे. ती घेऊन आपल्या नगरसेवकाकडे जा आणि नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. सेवाकार्याचा हाही एक भाग आहे, आणि तो आजवर आपण फार थोडा केला आहे.