आंतड्यांत उतरलेला कर्करोग

आंतड्यांत सांपडलेली कर्करोगाची प्रत्येक गांठ तेथेंच उपजलेली असते असें नाहीं. त्वचेचा मेलॅनोमा, स्तनाचा वा फुप्फुसाचा कर्करोग यांच्या पेशी रक्तावाटें तेथवर पोंचतात. अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी उदरपोकळींतून आंतड्यांवर पसरतात. परंतु स्थान बदललें तरी रोगाचें कुळ बदलत नाहीं. स्तनांतून आलेली गांठ आंतड्यांतही स्तनाचाच कर्करोग होय, आणि औषधें ठरतात तीं ह्या कुळावरून.

म्हणून निदानाचा पहिला धागा पुष्कळदां घरच्यांच्याच हातीं असतो. दहा वर्षांपूर्वीं स्तनावर शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या गृहिणीच्या पोटांत कळा येऊं लागतात. किंवा आंतून नकळत रक्त पाझरून ती फिकट पडते. कोणी वायु म्हणतो, कोणी अशक्तता. लोहाच्या गोळ्या सुरू होतात. जुनी शस्त्रक्रिया मात्र संकोचामुळें वैद्यास सांगितली जात नाहीं! ती सांगितली तर तपासाची दिशाच पालटते. सी. टी. स्कॅनमध्यें गांठ व अडथळा दिसूं शकतो; दुर्बीण पोंचेल तेथून तुकडा काढून, त्यावर विशिष्ट रंजनक्रिया करून पेशींचें मूळ ओळखतात.

शौच व वायु दोन्ही बंद होऊन पोट फुगलें, उलट्या होऊं लागल्या, तर घरगुती रेचक कदापि देऊं नये. तत्काळ इस्पितळ गांठावें. तेथें नाकांतून नळी घालून जठर रिकामें करतात व शिरेंतून द्रव देतात. गांठ एकाच जागीं असल्यास तेवढा भाग कापून टोकें जोडतां येतात. एरव्हीं अडथळ्यास वळसा देणारा मार्ग करतात, किंवा पोटावर मलमार्ग काढतात. पुढें स्तनाच्या कांहीं प्रकारांत संप्रेरकविरोधी औषधें, मेलॅनोमांत प्रतिकारशक्तीवरील लगाम सोडणारीं औषधें उपयोगीं पडतात.

इतकें करूनही रोग बहुधा समूळ जात नाहीं. तरीही ‘आतां करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं’ हें म्हणणें खरें नव्हे. वेदना मॉर्फीननें, उलट्या इतर औषधांनीं आवरतां येतात. मुंबईस वांद्र्यास १९८६ सालीं निघालेला शांति अवेदना आश्रम ह्याच शुश्रूषेसाठीं स्थापन झाला. कोणता उपचार घ्यावा व कोठें थांबावें, हें रोग्यास विश्वासांत घेऊनच ठरवावें.

घरांत दागिन्यांच्या पावत्या जपतात. जुन्या शस्त्रक्रियेचा पॅथॉलॉजी-अहवालही तसाच जपावा. पुढें कधीं पोटाची तक्रार उद्भवली तर वैद्यापुढें प्रथम तोच कागद ठेवावा.