अंकलखोप ते तलश्शेरी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



माणसाच्या अचाट करामतींवर बोलावे, अशी सूचना मंडळातील तरुणांनी केली. हातातल्या फोनवर ते अशा चित्रफिती रोज पाहतात, मीही पाहतो. १४ ऑक्टोबर २०१२ रोजी फेलिक्स बॉमगार्टनरने सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून उडी घेतली, ती इंटरनेटवर त्याच क्षणी ऐंशी लाखांहून अधिक लोकांनी पाहिली. एवढा प्रेक्षकवर्ग कोणत्याही तंबूत मावला नसता. तरीही मला बोलावयाचे आहे ते तंबूविषयीच. कारण तो उभारला आपल्या माणसाने, आणि त्याला आधार मिळाला तो ज्या केरळात आपण आज बसलो आहोत, तेथे.

विष्णुपंत छत्रे सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे. गलाईच्या धंद्यासाठी येथे आलेल्या आपल्यापैकी कित्येकांची गावे त्याच जिल्ह्यातली आहेत. गाणे आणि घोडे हे पंतांचे दोन ध्यास. गाण्यासाठी त्यांनी हद्दूखाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करले आणि पुढे त्यांचे पुत्र रहिमतखाँ यांना आपल्या सर्कशीबरोबर ठेवून सांभाळले. चिअरिनी नावाच्या इटालियनाची सर्कस मुंबईस आली असता, असा खेळ उभारण्यास हिंदुस्थानाला अजून अवकाश आहे, असे तो म्हणाल्याची कथा सांगतात. कथेत तिखटमीठ असेल. तारीख मात्र पक्की आहे. २० मार्च १८८० रोजी मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ झाला.

१८८७ च्या सुमारास ही सर्कस तलश्शेरीस आली. तेथे कीलेरी कुन्हीकण्णन हे कळरी आणि कसरतीचे शिक्षक होते. आपल्या सर्कशीसाठी खेळगडी तयार करून द्या, अशी विनंती पंतांनी त्यांना केली. कुन्हीकण्णन यांनी ते काम अंगावर घेतले आणि १९०१ मध्ये तलश्शेरीजवळ चिरक्करा येथे सर्कशीची शाळाच काढली. त्यांच्या शिष्यपरंपरेने भारतीय सर्कस पोसली. तलश्शेरीचाच कण्णन दोरावरच्या कोलांट्या घेऊन युरोप-अमेरिकेत गाजला, तो ‘बोंबायो’ या नावाने. मुलगा मलबारचा, नाव मुंबईचे!

श्रोतेहो, उंच झुल्यावरची झेप आपण सर्वांनी पाहिली आहे. झोक्याचा काळ माणसाच्या वजनावर नव्हे, मुख्यतः दोराच्या लांबीवर ठरतो. म्हणून झेपावणाऱ्याला घाई करता येत नाही आणि रेंगाळताही येत नाही. झोका टोकाशी येऊन क्षणभर थबकल्यासारखा होतो, तेवढ्यात हात सुटावे लागतात. समोर उलटा लटकलेला सोबती नेमका त्याच वेळी तेथे पोहोचावा लागतो, आणि बोटांना बोटे नव्हे, मनगटाला मनगट मिळावे लागते. चित्रफितीत हे दहा वेळा फसून अकराव्या वेळी साधले, तरी आपल्याला अकरावीच दाखवितात. तंबूत मात्र जे होईल ते प्रेक्षकांसमोर, आणि दिवसातून दोन-तीनदा.

या स्मरणाला एक काळी किनार आहे, तीही झाकू नये. तंबूत कोवळी मुले राबविली गेली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामास ठेवण्याविरुद्ध निकाल दिला. वाघ-सिंहांचे खेळ त्याआधीच बंद झाले होते. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या, असे माझे स्पष्ट मत आहे. पण मोठ्या वयात ही विद्या शिकवावी कोठे, हा प्रश्न राहिला. २०१० मध्ये केरळ शासनाने तलश्शेरीस सर्कस अकादमी सुरू केली, ती टिकली नाही.

तलश्शेरी-कण्णूर भागात निवृत्त खेळगडी राहतात. बरेचसे वृद्ध आहेत. आयुष्यभर मुलूखभर हिंडल्यामुळे त्यांच्यापैकी काहींना मराठी उमजत असेल, तर मला नवल वाटणार नाही. मंडळाची पुढची सहल तिकडे न्यावी आणि सुचविणाऱ्या तरुणांनीच त्यांच्यासमोर बसून त्यांचे बोलणे टिपून घ्यावे. गाडीखर्चाची व्यवस्था कार्यकारिणीने करावी. फोन मुलांकडे आहेतच.